चुन्याखाली गेलेली रेघ

२३ जुलै १९८९. बिंदुसरेला पूर आला तेव्हा मी बीडमध्येच, नदीकाठी मावशीकडे राहत होतो. बालाघाटाच्या डोंगरातून येऊन पुढे सिंदफणेला मिळणारी ही नदी एरवी इतकी कोरडी, की लहानपणी आम्ही खुशाल पात्रातून शाळेला जायचो. त्या दिवशी मात्र माणसं गेली, घरंदारं गेली. मावशीच्या भिंतीवर खिडकीच्या गजांपर्यंत गाळाची तपकिरी रेघ उरली. दिवाळीला मावशीने चुना दिला. रेघ गेली.

पुढे आरेखकाची नोकरी लागली आणि ती रेघ मी नकाशांत शोधत बसलो. सर्व्हे ऑफ इंडियाच्या १:५०,००० नकाशात एक सेंटिमीटर म्हणजे अर्धा किलोमीटर, आणि उंचीच्या रेषा २० मीटरच्या फरकाने. पुरुषभर पाणी त्यात दिसणार कसं? १९८९ च्याच सप्टेंबरात पाटबंधारे खात्याचं पूररेषांचं परिपत्रक निघालं होतं. निळी रेषा सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतल्या पुराची. पण या रेषा आखायच्या तर आधी काठाची उंची बारकाईने मोजायला हवी.

२००५ साली गुगल अर्थ आलं, २००९ मध्ये इस्रोचं भुवन. मुलीने मोबाइलवर आपली सोसायटी दाखवली तर गच्चीवरच्या टाक्यासुद्धा मोजता आल्या! आणि मागच्या भिंतीला लागून झाडांची एक वाकडी रांग. लेआउटमध्ये तिथे नुसतं ‘मोकळी जागा’ लिहिलंय. तो नाला आहे, बिंदुसरेलाच मिळतो. तिथे भराव टाकून पार्किंग करायचा ठराव हे चित्र सभेत दाखवल्यावरच मागे पडला. (भांडणं झाली, ती इथे नकोत.)

उपग्रहाला छत दिसतं, पाणी कुठवर आलं होतं ते दिसत नाही. म्हणून त्या चित्राची मोठी प्रिंट काढून ऑफिसात लावली आहे. विजेचा मेन स्विच, गच्चीचे जिने, अग्निशमनाची गाडी ज्यातून वळू शकते ते फाटक, आधाराशिवाय जिना उतरता न येणारी माणसं कोणत्या मजल्यावर आहेत, सगळं त्यावर आहे. या पंचवीस वर्षांत नाल्याचं पाणी कोणी कुठवर पाहिलं, ते लाल पेन्सिलने. आतापर्यंत सात खुणा झाल्यात. तळमजल्यावरच्या काकूंनी दाखवलेली खूण पंपाच्या खोलीच्या उंबऱ्यावर हातभर आहे. मोटर अजून तिथेच आहे, जमिनीवर.