कुमानो तीर्थमार्ग
जपानच्या होन्शू बेटावरील कीई द्वीपकल्पातील प्राचीन डोंगरी यात्रामार्गांचे जाळे. जपानी नाव ‘कुमानो कोदो’. होंगू, हायातामा आणि नाची ही येथील तीन महास्थाने ‘कुमानो सानझान’ म्हणून ओळखली जातात. मूळ श्रद्धा डोंगर, नदी, शिळा यांवरची. नाचीचा १३३ मीटर उंचीचा धबधबा आजही स्वतःच देवता मानला जातो. बौद्ध धर्म आल्यावर स्थानिक देवतांना बुद्ध-बोधिसत्त्वांची रूपे मानले गेले : होंगू येथे अमिताभ, हायातामा येथे भैषज्यगुरू, नाची येथे सहस्रभुज अवलोकितेश्वर.

अकराव्या शतकापासून निवृत्त सम्राटांनी वारंवार यात्रा केल्या. गो-शिराकावा तीसहून अधिक वेळा आला. पुढे सामान्यांची इतकी रीघ लागली की ‘कुमानोची मुंग्यांची यात्रा’ हा वाक्प्रचारच रूढ झाला. जवळच्या ओमिने पर्वतावरील सांजोगाताके शिखरावर स्त्रियांना आजही मज्जाव आहे. कुमानोने मात्र त्यांना पूर्वीपासून प्रवेश दिला, हे त्याचे खरे मोठेपण. नाकाहेची हा मुख्य मार्ग. वाटेवर ‘ओजी’ नावाची उपदेवळे असून तेथे यात्रेकरू प्रार्थना करीत. शुगेन्दो पंथाचे यामाबुशी तपस्वी वाटाड्यांचे काम करीत.

१८६८ मध्ये शासनाने शिंतो आणि बौद्ध उपासना सक्तीने वेगळ्या केल्या, तर १८७२ मध्ये शुगेन्दोवर बंदी आली. १८८९ च्या पुरात नदीपात्रातील होंगूचे मूळ देवालय उद्‌ध्वस्त झाले व उरलेल्या इमारती उंचावर हलविण्यात आल्या. २००४ मध्ये युनेस्कोने कीई पर्वतराजीतील तीर्थस्थाने व यात्रामार्ग जागतिक वारसा यादीत समाविष्ट केले.