शिकारीची हकीकत आणि ज्ञानाची मालकी : वसाहतकालीन मृगयालेखनाचा एक विचार

भारतातील वन्यजीवनाच्या इतिहासाची साधने शोधू जाता अभ्यासकाच्या हाती प्रथम जे लेखन लागते ते प्राणिशास्त्रज्ञांचे नसून शिकाऱ्यांचे असते. एकोणिसाव्या शतकातील लष्करी अधिकारी, जंगलखात्याचे नोकर, जिल्ह्यांचे कलेक्टर आणि त्यांच्या आगेमागे वावरणारे हौशी लोक यांनी आपल्या शिकारीच्या, गळ टाकून केलेल्या मासेमारीच्या आणि रानातील मुक्कामांच्या हकीकती विपुल प्रमाणात लिहून ठेवल्या. या लेखनाकडे दोन टोकांनी पाहिले जाते. एका मते ती साम्राज्यसत्तेच्या उन्मादाची कागदपत्रे होत. दुसऱ्या मते ती निसर्गनिरीक्षणाची आद्य भांडारे होत. दोन्ही मतांत तथ्य आहे. तथापि या हकीकती ज्यांच्या डोळ्यांनी आणि पावलांनी शक्य झाल्या, त्यांचे पुढे काय झाले हा प्रश्न दोन्हींच्या कक्षेबाहेर राहतो. प्रस्तुत लेखात मुख्यतः मुंबई इलाखा व मध्य प्रांत यांच्या संदर्भात त्याचा विचार केला आहे.

शिकारीचा अनुभव लेखनिविष्ट करण्याची प्रथा इंग्रजांनी येथे आणली, हा समज बरोबर नाही. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या नावावर असलेल्या बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात राजाच्या विनोदांमध्ये मृगया आणि मत्स्यविनोद यांना स्वतंत्र स्थान आहे. कोणत्या माशास कोणते आमिष रुचते, गळ व दोरी कशी असावी, असा व्यवहाराचा तपशील त्यात येतो. भारतीय प्राणिसर्वेक्षण विभागाचे संचालक राहिलेले मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी १९५१ मध्ये या प्रकरणाकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले. आमिषाचा आणि माशांच्या सवयींचा एवढा तपशील राजाने स्वतः पाण्यात उतरून मिळवला असेल असे मानणे कठीण आहे. नदीकाठी पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या कोणा मच्छीमाराचे ते ज्ञान असावे. ग्रंथात मात्र ते राजाचे झाले.

मुंबईतील मासिक ते मुंबईतील संस्था

इंग्रजी अमदानीत शिकारीच्या अनुभवांची देवाणघेवाण प्रथम तंबूतील जेवणाच्या टेबलावर आणि छावणीतील क्लबात होत असे. तिला छापील रूप देण्याचा एक लवकरचा प्रयत्न मुंबईतच झाला. १८२८ मध्ये येथे ‘ओरिएंटल स्पोर्टिंग मॅगझीन’ सुरू झाले. दख्खनच्या माळावर घोड्यावरून भाल्याने रानडुकराची शिकार करणे हा त्यातील लेखकांचा आवडता विषय. लेखक बहुधा टोपणनावाने लिहीत. लेखनाचा सूर मित्रमंडळीतील गप्पांचा असे, आणि वाचकही त्याच मंडळीतला असल्याने कोणी कोणाकडे पुरावा मागत नसे.

पुरावा मागण्यास प्रारंभ झाला तो पुढील पिढीत. जेम्स फॉरसाइथ यांचा सातपुड्याच्या परिसरावरील ‘द हायलँड्स ऑफ सेंट्रल इंडिया’ हा ग्रंथ १८७१ मध्ये, तर रॉबर्ट स्टर्नडेल यांचा शिवनी भागावरील ‘सिवनी’ १८७७ मध्ये प्रसिद्ध झाला. यांत शिकारीबरोबर भूगोल, वनस्पती, गोंड व कोरकू लोकांचे जीवन हेही येते. १५ सप्टेंबर १८८३ रोजी मुंबईत आठ गृहस्थांनी एकत्र येऊन बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीची स्थापना केली. त्यांत डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन हे दोघे भारतीय होते. प्राणिविषयक टिपणांची देवघेव करणे आणि मिळालेले नमुने एकमेकांस दाखविणे, एवढाच प्रारंभीचा हेतू होता. १८८६ मध्ये संस्थेचे नियतकालिक निघाले. ई. एच. एटकेन आणि स्टर्नडेल हे त्याचे पहिले संपादक. या नियतकालिकातील किरकोळ टिपणांचा विभाग म्हणजे एका अर्थाने छावणीतल्या गप्पांचे सुसंस्कृत रूपच होय. देशाच्या कानाकोपऱ्यांतील अधिकारी त्यात आपले अनुभव पाठवीत आणि दुसरे कोणी पुढील अंकांत त्यांस दुजोरा देई अथवा ते खोडून काढी.

या खोडून काढण्याला फार महत्त्व आहे. वाघाच्या लांबीचा वाद हे त्याचे बोलके उदाहरण. मारलेला वाघ नाकाच्या टोकापासून शेपटीच्या टोकापर्यंत अंगाच्या वळणांवरून फीत फिरवून मोजला, तर तो चांगलाच लांब भरतो. त्याच वाघाला सरळ आडवा करून नाकाशी एक व शेपटीच्या टोकाशी एक खुंटी ठोकली आणि दोन खुंट्यांमधील अंतर मोजले, तर काही इंच सहज कमी होतात. कातडे सोलून ताणून वाळवल्यावर मोजणारेही होते, आणि त्यांचे वाघ तर बारा फुटांच्या घरात जात! पूर्वी मोजमापाची रीत कोणी सांगतच नसे. लेखनाची देवाणघेवाण नियमित होऊ लागली तसा ‘खुंट्यांमधील की वळणांवरून’ हा खुलासा आवश्यक ठरला. १८९२ मध्ये लंडनच्या रोलंड वॉर्ड यांनी मोठ्या शिकारीच्या विक्रमांची नोंदवही प्रसिद्ध केल्यानंतर या खुलाशाला स्पर्धेचीही धार आली. बढाईतून शास्त्र निपजल्याचे हे उदाहरण गमतीचे खरे, पण ते दुर्लक्षिण्याजोगे नाही. एकमेकांवर अविश्वास दाखविण्याची शिष्टसंमत सोय झाल्याशिवाय अनुभवाला प्रमाणाची प्रतिष्ठा मिळत नाही.

मात्र ही सोय केवळ लिहिणाऱ्यांच्या आपसांतच होती. ज्याने वाघाचा माग काढला, वाळलेल्या नाल्यातील ठसा सकाळचा की रात्रीचा हे सांगितले, मचाणाची जागा ठरवली आणि हाक्याच्या वेळी माणसे कोठे उभी करावयाची याचा निर्णय घेतला, तो या चर्चेत साक्षीदार म्हणूनही उभा राहत नाही. इंग्रजी मृगयालेखनात ‘शिकारी’ हा आपला शब्द जसाच्या तसा आला; परंतु त्याचा अर्थ बदलला. साहेब हा ‘स्पोर्ट्‌समन’, आणि त्याला जनावर दाखवून देणारा गावचा माणूस तो ‘शिकारी’. पहिल्याला नाव असते, हुद्दा असतो. दुसऱ्याला बहुधा जात असते. जिम कॉर्बेट यांचा ‘मॅन-ईटर्स ऑफ कुमाऊँ’ हा ग्रंथ १९४४ मध्ये ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसच्या मुंबई शाखेने प्रथम प्रसिद्ध केला. त्यात कुमाऊँतील गावकऱ्यांना नाव, चेहरा आणि धैर्य लाभले. त्या ग्रंथाच्या अफाट लोकप्रियतेचे एक कारण यातही शोधता येईल.

पाण्यातील नावे

मासेमारीच्या बाबतीत हा प्रश्न निराळ्या रीतीने पुढे येतो. मुंबई सरकारच्या सेवेतील कर्नल विल्यम साइक्स यांनी दख्खनमधील माशांचे वर्णन १८३९ मध्ये विद्वानांपुढे मांडले. नव्या जातींना लॅटिन नावे देताना त्यांनी अनेक ठिकाणी मूठा, मुळा, भीमा यांच्या काठी ऐकलेली मराठी नावेच स्वीकारली. खुद्री, कोलुस, नुक्ता, फुलुंगी ही नावे आजही शास्त्रीय नामावलीत आहेत. दख्खनचा महसीर जगभर ‘टॉर खुद्री’ म्हणूनच ओळखला जातो. नाव टिकले, ते ज्याच्या तोंडून साइक्स यांनी ऐकले तो भोई वा कोळी मात्र कोठेही नोंदला गेला नाही.

हौशी गळवाल्यांचे लेखन पुढे आले ते १८७३ पासून. मद्रास इलाख्यातील सनदी अधिकारी हेन्री सलिव्हन थॉमस यांच्या ‘द रॉड इन इंडिया’ने महसीरला इंग्लंडातील सामन माशाच्या पंक्तीला बसविले. थॉमस मत्स्यरक्षणाचेही कळकळीचे पुरस्कर्ते होते, आणि त्यांची कळकळ खोटी नव्हती. परंतु या परंपरेतील लेखनात एक सूर सतत ऐकू येतो : गळाने मासा खेळवून पकडणारा तो रसिक, आणि बांबूचे सापळे लावणारा, बारीक आसाचे जाळे टाकणारा अथवा डोहात रानवनस्पतींचा रस कालवणारा तो विध्वंसक. १८९७ च्या भारतीय मत्स्यव्यवसाय कायद्याने सुरुंग आणि विष यांच्या साहाय्याने मासे मारण्यास मनाई केली. सुरुंगाविषयी दुमत होण्याचे कारण नाही. पण पोटासाठी मासा धरणे आणि मौजेसाठी मासा धरणे यांतील भेद या लेखनात नीतीचा भेद म्हणून मांडला गेला आणि त्यात पोटासाठी धरणारा हरला, हेही नोंदविले पाहिजे. पुढे १९४८ मध्ये महसीर पकडण्यावरील ए. सेंट जे. मॅकडोनाल्ड यांचा ग्रंथ बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीनेच प्रकाशित केला.

फासे आणि कायदा

सापळ्याच्या बाबतीत तर हार नीतीपुरती मर्यादित राहिली नाही. महाराष्ट्रातील फासेपारधी हे या विद्येचे जाणते. घोड्याच्या केसांचे किंवा तातीचे फासे, पक्ष्यांच्या वाटांची आणि वेळांची माहिती, शिकवलेल्या बैलाच्या आडून सावजाजवळ सरकण्याची रीत, त्यांचे आवाज हुबेहूब काढणे ही सर्व तोंडी परंपरेने चालत आलेली विद्या होय. चित्ते जिवंत पकडून संस्थानिकांना पुरविणारेही यांच्यातीलच. कोल्हापूर संस्थानात चित्ते बाळगून त्यांच्याकडून काळविटांची शिकार करविण्याची प्रथा विसाव्या शतकातही होती. देशी चित्ते मिळेनासे झाल्यावर आफ्रिकेतून चित्ते मागविण्यात आले आणि त्यांना शिकवणारे चित्तेवान मात्र कोल्हापूरचेच राहिले.

ज्या काळात साहेबाची बंदूक ही मर्दानी करमणूक मानली जात होती, त्याच काळात पारध्याचा फास गुन्ह्याची खूण ठरला. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा १९११ च्या सुधारित रूपाने मुंबई इलाख्यातही लागू होऊ शकला. राखीव जंगलांचा १८७८ चा कायदा आणि वन्य पक्षी व प्राणी यांच्या रक्षणाचा १९१२ चा कायदा यांमुळे परवाना व हंगाम यांची चौकट उभी राहिली. परवाना मिळविणे ज्याला शक्य होते त्याचा अनुभव छापला जाई, आणि ज्याला शक्य नव्हते त्याने आपला अनुभव सांगणे म्हणजे कबुलीजबाब देणे होते. तोंडी विद्या लेखी न होण्याचे कारण निरक्षरता हे सहज सांगितले जाते. ते अपुरे आहे. १९५२ मध्ये तो कायदा रद्द झाला. संशय मात्र कायद्याबरोबर गेला नाही.

एक टिपण आणि एक पक्षी

१९४८ मध्ये सोसायटीच्या नियतकालिकात एक टिपण छापले गेले. म्हैसूरच्या व्हॅन इंगेन या प्राण्यांची कातडी भरून देणाऱ्या प्रसिद्ध पेढीमार्फत ते आले होते. मध्य भारतातील कोरिया संस्थानच्या महाराजांनी १९४७ च्या सुमारास रात्री मोटारीतून जाताना दिव्यांच्या झोतात तीन नर चित्ते मारले, त्याची ती हकीकत होती. सोबत छायाचित्रही होते. टिपण पाठविणाऱ्यांच्या दृष्टीने तो इतर शेकडो टिपणांसारखाच एक उल्लेखनीय अनुभव होता. संपादकांनी मात्र त्याखाली आपला तीव्र निषेध नोंदविला. साठ वर्षे ज्या पानांवर शिकाऱ्यांनी एकमेकांना शाबासकी दिली होती, त्याच पानांवर शिकाऱ्याची निर्भर्त्सना झाली, हा बदल लहान नव्हे. चित्ता भारतातून नामशेष झाल्याचे १९५२ मध्ये जाहीर करण्यात आले. २०२२ मध्ये नामिबियातून आणलेले चित्ते कुनोच्या जंगलात सोडले गेले, तेव्हा त्या जुन्या टिपणाचा आणि छायाचित्राचा उल्लेख पुन्हा सर्वत्र झाला. ते छापले नसते तर अखेरच्या निश्चित नोंदींपैकी एक नोंद गमावली असती. आणि ज्या गप्पांच्या संस्कृतीने ते छापण्याजोगे मानले, तिचाच त्या अखेरीत वाटा होता.

त्यानंतर हकीकतीचा विषय बदलत गेला. एफ. डब्ल्यू. चॅम्पियन यांनी १९२० च्या दशकातच वाटेवर तार लावून वाघाकडून त्याचे स्वतःचे छायाचित्र काढवून घेतले होते. सापळाच, पण जीव न घेणारा. मराठीत व्यंकटेश माडगूळकरांसारख्या, तरुणपणी बंदूक घेऊन हिंडलेल्या लेखकाने पुढे वही आणि दुर्बीण जवळ केली; मारुती चितमपल्ली (१९३२–२०२५) यांनी वनाधिकारी म्हणून काम करताना आदिवासींना, पारध्यांना आणि धीवरांना आपले शिक्षक मानले व तसे लिहिले. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आणि १९९१ च्या दुरुस्तीने हौसेच्या शिकारीचा अध्याय मिटला.

जेर्डनचा धाविक हा लहानसा निशाचर पक्षी १९०० नंतर कोणाला दिसला नव्हता. तो नामशेष झाला असे जवळजवळ सर्वांनी गृहीत धरले होते. १९८० च्या दशकात सोसायटीच्या शोधकांनी आंध्र प्रदेशातील कडप्पा परिसरात गावोगाव त्याचे चित्र दाखवून चौकशी केली. जानेवारी १९८६ मध्ये ऐतन्ना नावाच्या स्थानिक शिकाऱ्याने रात्री विजेरीच्या झोतात एक पक्षी दिपवून हाताने धरला व तो शोधकांच्या स्वाधीन केला. तो जेर्डनचा धाविकच होता. दिव्याच्या झोताची ती युक्ती सापळेवाल्यांची जुनीच. ऐतन्नाचे नाव मात्र या वेळी पक्षिशास्त्राच्या लेखनात छापले गेले.