विसावणारा रस्ता

रस्ता झिजतो हे सर्वच जाणतात. तो विसावतो, हे अभियंत्यांनाही उशिरा उमगले. प्रयोगशाळेत डांबरी मिश्रणाच्या नमुन्यावर यंत्र अखंड भार देई आणि तो लवकर भंगे. प्रत्यक्ष रस्ता त्या हिशेबापेक्षा पुष्कळ अधिक टिके. या तफावतीचे एक कारण १९६७ साली अमेरिकेतील अॅन आर्बरच्या परिषदेत बाझँ व सोनिए यांच्या निबंधाने पुढे आणले. ताणून तोडलेले नमुने २५ अंश सेल्सियसला दाबाखाली ठेवता मूळ बळाचा सुमारे ९० टक्के भाग परत आला. बिटुमेन हा अतिमंद वाहणारा पदार्थ. सूक्ष्म भेगेच्या कडा भिजवून तो त्या सांधतो. त्याला अवधी हवा, तशी ऊबही हवी. आणि वाहने विरळ असतात ती रात्रच नेमकी गार! डेल्फ्टचे एरिक श्लांगेन व सहकाऱ्यांनी म्हणून मिश्रणात पोलादी तंतू घालून ते विद्युत्-प्रवर्तनाने तापवण्याची युक्ती योजिली. डिसेंबर २०१० मध्ये नेदरलँड्समध्ये फ्लिसिंगेनजवळ ए-५८ महामार्गावर असा ४०० मीटरांचा सच्छिद्र थर घातला गेला. भेग केसाएवढी असेतो हे साधते. खड्डा पडल्यावर उपाय नाही.