सॉफ्टवेअर : मूलभूत प्रकार व उपयोग (जुन्नर-आंबेगाव परिसर)

सॉफ्टवेअर : संगणकाने कोणते काम कोणत्या क्रमाने करायचे हे सांगणाऱ्या सूचनांचा संच, संगणक आज्ञावली. प्रणाली, अंतःस्थापित आणि उपयोजन असे त्याचे तीन ढोबळ प्रकार पडतात. पुणे जिल्ह्याच्या उत्तर भागातील जुन्नर व आंबेगाव तालुक्यांत दूध संकलन केंद्रावरच्या फॅट मशीनपासून खोडदच्या महाकाय रेडिओ दुर्बिणीपर्यंत हे तिन्ही प्रकार रोजच्या वापरात आहेत. म्हणून या नोंदीतील उदाहरणे तिथलीच घेतली आहेत.

प्रणाली सॉफ्टवेअर : यंत्राची स्मृती, साठवण, पडदा, कळफलक व प्रिंटर यांवर देखरेख ठेवणारे आणि बाकीच्या आज्ञावल्यांना जागा करून देणारे सॉफ्टवेअर. विंडोज, लिनक्स व अँड्रॉइड या कार्यप्रणाली या वर्गातल्या. सेवा केंद्रात दाखले काढून देणाऱ्या संगणकावर बहुधा विंडोज असते, शेतकऱ्याच्या खिशातल्या फोनवर बहुधा अँड्रॉइड. अँड्रॉइडचा गाभा लिनक्सचाच आहे. लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये सुरू केलेले लिनक्स खोडदच्या दुर्बिणीच्या संगणकांवरही चालते. म्हणजे टोमॅटोचा बाजारभाव दाखवणारा फोन आणि आकाशगंगा टिपणारी दुर्बीण यांचा पाया एकच आहे. प्रिंटरसारख्या जोडयंत्रांना चालवणारे ड्रायव्हर आणि प्रोग्रामरने लिहिलेली भाषा यंत्राच्या भाषेत उतरवणारे संकलकही याच वर्गात मोडतात.

अंतःस्थापित सॉफ्टवेअर : यंत्राच्या आतल्या चिपमध्येच बसवलेले, सहसा एकच काम करणारे सॉफ्टवेअर. वापरणाऱ्याला ते दिसत नाही, म्हणून त्याचा उल्लेखही कमी होतो; त्याची उपयुक्तता मात्र मोठी आहे. संगणकीकृत दूध संकलन केंद्रावर वजनकाटा दुधाचे वजन घेतो, मशीन फॅट व एसएनएफ (स्निग्धेतर घन पदार्थ) मोजते आणि दरपत्रकाप्रमाणे रक्कम काढून पावती छापली जाते. विहिरीवरच्या मोटारीचा मोबाईल स्टार्टर हे आणखी एक उदाहरण. शेतीपंपांना अनेकदा रात्रीची वीज मिळते आणि या दोन्ही तालुक्यांत उसात बिबट्याचा वावर असतो. फोनवरून मोटार चालू-बंद करता आली की अंधारात विहिरीपर्यंतची एक खेप टळते. या परिसरात सॉफ्टवेअरचा याहून थेट उपयोग क्वचितच सापडेल.

उपयोजन सॉफ्टवेअर : माणसाचे विशिष्ट काम करून देणारे सॉफ्टवेअर. पत्र लिहिणे, हिशेब ठेवणे, चित्र काढणे, नकाशा पाहणे यांसाठीची सर्व साधने या वर्गातली. महाराष्ट्रात अनेकांची त्यांच्याशी पहिली ओळख २००१ मध्ये सुरू झालेल्या एमएस-सीआयटी अभ्यासक्रमातून झाली. साखर कारखान्यात ऊसनोंद, तोडणीचा क्रम, वजन व बिल यांचा मेळ अशाच सॉफ्टवेअरने घातला जातो. नारायणगाव, आळेफाटा, ओतूर व मंचर येथील बाजारांची आवक आणि भाव कृषी पणन मंडळाच्या संकेतस्थळावर दिसतात.

या सगळ्यामागे विदागार, म्हणजे रचून ठेवलेल्या नोंदींचा साठा सांभाळणारे सॉफ्टवेअर असते. सातबारा हे त्याचे परिचित रूप. नमुना सातमध्ये मालकी व हक्क, नमुना बारामध्ये पीक. बारावरची पीकनोंद पूर्वी तलाठी करीत. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर लागू झालेल्या ई-पीक पाहणी अ‍ॅपमुळे शेतकरी आपल्या गटात उभा राहून, स्थाननिश्चितीसह पिकाचे छायाचित्र काढून ती स्वतः भरू शकतो. पीककर्ज, विमा व नुकसानभरपाई या नोंदीवर अवलंबून असते. चुकीचे पीक भरले तर सॉफ्टवेअर ती चूकही तितक्याच इमानाने जपून ठेवते, म्हणून भरलेली नोंद तपासणे हा कामाचाच भाग मानला पाहिजे.

खोडदची दुर्बीण : नारायणगावजवळच्या खोडद परिसरात राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राची जीएमआरटी (जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप) ही दुर्बीण आहे. खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली ती उभी राहिली आणि २००२ पासून जगभरातल्या खगोलशास्त्रज्ञांना खुली झाली. तिच्यात ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना आहेत. त्यांतील १४ मध्यवर्ती भागात आणि १६ इंग्रजी वाय अक्षरासारख्या तीन भुजांवर असून सर्वांत दूरच्या दोन अँटेनांमधील अंतर सुमारे २५ किलोमीटर आहे. अँटेनांचे संकेत प्रकाशीय तंतूंवरून मध्यवर्ती इमारतीत येतात आणि तिथे प्रत्येक अँटेनाचा संकेत इतर प्रत्येक अँटेनाच्या संकेताशी जुळवला जातो. अशा जोड्या ४३५ होतात. सुरुवातीला हे काम त्यासाठीच घडवलेली इलेक्ट्रॉनिक मंडले करीत. २०१० च्या सुमारास ते बाजारात मिळणाऱ्या संगणकांच्या समूहावर, सॉफ्टवेअरने होऊ लागले. यंत्रात पक्के बसवलेले काम आज्ञावलीत आले की ते सुधारण्यासाठी यंत्र बदलावे लागत नाही. सॉफ्टवेअरचा हा मूळ गुण इथे स्पष्ट दिसतो.

पुढचा टप्पा उपयोजन सॉफ्टवेअरचा. विजेच्या तारांवरील ठिणग्या, दूरसंचार यांचा गोंगाट ओळखून वगळावा लागतो; त्यासाठी याच केंद्रात फ्लॅगकॅल हे साधन तयार झाले. प्रतिमा घडवण्यासाठी अमेरिकेत १९७० च्या दशकाअखेर सुरू झालेले एआयपीएस आणि नंतरचे कासा ही पॅकेजे वापरतात. १५० मेगाहर्ट्झवर या दुर्बिणीने २०१० ते २०१२ या काळात आकाशाचे सर्वेक्षण केले. तोच साठा खगोलशास्त्रज्ञ हुईब इंटेमा यांनी आयनांबरामुळे येणारी विकृती दुरुस्त करणाऱ्या स्वयंचलित आज्ञावलीतून पुन्हा काढला आणि २०१७ मध्ये सुमारे ६.२ लाख रेडिओ स्रोतांची यादी प्रसिद्ध झाली. निरीक्षणे जुनी, सॉफ्टवेअर नवे. हे शक्य झाले, कारण माहिती जपलेली आणि वाचता येण्याजोगी होती. खगोलशास्त्रात त्यासाठी १९८१ पासून फिट्स हा खुला साचा रूढ आहे.

मराठी नोंदी व सॉफ्टवेअर : मराठी कागदपत्रांच्या वाट्याला हे भाग्य उशिरा आले. कृतिदेव, श्रीलिपी, सुरेख यांसारख्या जुन्या फाँटांत मराठी आकार इंग्रजी अक्षरांच्या सांकेतिक जागांवर बसवलेले असत. तो फाँट संगणकावर नसला की मजकुराच्या जागी निरर्थक चिन्हे उमटतात आणि शोध घेता येत नाही. युनिकोडने प्रत्येक अक्षराला स्वतंत्र क्रमांक दिला. १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून त्यात देवनागरी आहे. त्यामुळे आजचा युनिकोड मजकूर विंडोज, लिनक्स व अँड्रॉइड तिन्हींवर सारखाच वाचता येतो. ग्रामपंचायती, पतसंस्था, शाळा व वाचनालये यांच्याकडे इतिवृत्ते, खतावण्या, स्मरणिका जुन्या फाँटांत असतील, तर फाँट बदलणाऱ्या आज्ञावल्या उपलब्ध आहेत तोवर हा मजकूर युनिकोडमध्ये उतरवून, मूळ प्रतीशी ताडून, एकाहून अधिक ठिकाणी जतन करावा.