वेळ अमावस्येची भज्जी

मार्गशीर्ष अमावस्येस बीदर, भालकी, बसवकल्याण, आळंद या भागांतील शेतकरी सहकुटुंब शेतावर जातो. हीच वेळ अमावस्या, बोलीत येळवस, कानडीत एळ्ळ अमावास्ये. कडब्याच्या कोपीत पांडवांची पूजा होते आणि मग भाकरी व आंबिलीबरोबर पानात भज्जी पडते. परक्यास तळलेली भजी आठवतील; परंतु ही भज्जी म्हणजे ओल्या दाण्यांचे दाट कालवण होय. तूर, पावटा, वाटाणा व हरभरा यांचे हिरवे दाणे आणि शेंगदाणे शिजवावयाचे, त्यांत मेथी, पालक, चुका व कांद्याची पात घालावयाची, चिंचेच्या कोळात कालविलेले डाळीचे पीठ लावून आटवावयाचे आणि लसूण व हिरव्या मिरचीची फोडणी द्यावयाची.

या पातेल्यात अनेक युगे एकत्र शिजतात. बळ्ळारीजवळील संगनकल्लू येथील नवाश्मयुगीन वस्तीत मूग व कुळीथ यांचे जळके दाणे सापडले आहेत. म्हणजे दख्खनच्या माणसाची कडधान्यांशी ओळख साडेतीन-चार हजार वर्षांची तरी आहे. मिरची मात्र कालची पाहुणी. १४७० च्या सुमारास बहामनी राजधानी बीदर येथे राहिलेला रशियन प्रवासी अफनासी निकितिन हिंदूंच्या आहारात भात, तुपातली खिचडी व भाज्या यांचा उल्लेख करतो. त्या भाज्यांत मिरची असणे शक्यच नव्हते. कोलंबस अमेरिकेच्या बेटांवर पोचला तो १४९२ मध्ये, आणि पोर्तुगीजांनी गोवे घेतले ते १५१० मध्ये. त्यानंतरच मिरची आणि भुईमूग या देशी आले. तोवर तिखटपणा मिरी, पिंपळी व आले यांच्याकडे होता. मिरीच्या ‘मरिच’ या संस्कृत नावाशी ‘मिरची’चे नाते आजही उघड दिसते.

जुन्या गृहिणींस पोषणशास्त्राची परिभाषा ठाऊक नव्हती. पण ज्वारीच्या प्रथिनांत जो लायसिन नावाचा घटक उणा असतो, तो कडधान्यांत विपुल असतो. भाकरी व भज्जी मिळून एकमेकींची उणीव भरून काढतात.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली. जुन्या बीदर जिल्ह्यातील उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके मुंबई राज्यात गेले. बीदर, भालकी म्हैसूर राज्यात गेले. सोयरीक दोन राज्यांत वाटली गेली, परंतु येळवशीचे पातेले वाटले गेले नाही. लातूरकडेही त्याच दिवशी तीच भज्जी शिजते.

तिला धोका आहे तो निराळाच. कलबुर्गीच्या तूरडाळीस २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन लाभले, ही अभिमानाची गोष्ट. पण एकट्या तुरीने भज्जी होत नाही. तिला ज्वारीच्या ओळींत तूर, बांधाला पावटा आणि कडेला हरभरा असलेले शेत लागते. आता या पट्ट्यात सोयाबीनचे सलग पीक पसरले आहे. ज्या शेतात एकच पीक उभे राहते, तेथील शेतकऱ्यास अमावस्येच्या आदल्या दिवशी शेंगा आणावयास बाजारात जावे लागते. वर्षातून एकदा तरी ही भज्जी आपल्याच शेतातली व्हावी, एवढ्यासाठी बांधावर पावट्याचा एक वेल चढविणे कोणासही जड जाऊ नये.