प्रशीतक

प्रशीतक : कमी तापमानाला उकळून भोवतालची उष्णता शोषून घेणारा आणि दाब दिल्यावर पुन्हा द्रव होणारा पदार्थ. घरगुती फ्रीज, वातानुकूलन यंत्रे व बहुतेक शीतगृहे यांचे काम या अवस्थांतरावर चालते.

द्रवाचे बाष्प होताना रेणूंना परस्परांच्या आकर्षणातून सुटावे लागते. त्यासाठी लागणारी ऊर्जा म्हणजे बाष्पीभवनाची सुप्त उष्णता. एक किलोग्रॅम पाणी ० वरून १०० °से. पर्यंत तापवण्यास सुमारे ४१९ किलोज्यूल पुरतात. त्याच पाण्याची तेथे वाफ करण्यास मात्र सुमारे २,२५७ लागतात. माठातले पाणी याच कारणाने गार होते. मुंबईच्या दमट हवेत बाष्पीभवन मंदावते व माठाचा गारवा तोकडा पडतो. फ्रीजमधले बाष्पीभवन बंद नळीत होत असल्याने ही अडचण तेथे येत नाही.

ठरावीक तापमानाच्या वर कितीही दाब दिला तरी वायूचा द्रव होत नाही. हे क्रांतिक तापमान रसायनशास्त्रज्ञ टॉमस अँड्रूज यांनी कार्बन डायऑक्साइडवरील प्रयोगांतून १८६९ मध्ये स्पष्ट केले. त्याखालच्या वायुरूप पदार्थाला बाष्प म्हणतात. कार्बन डायऑक्साइडचे क्रांतिक तापमान ३१ °से. आहे, म्हणून मे महिन्याच्या दुपारी मुंबईच्या हवेत तो नुसत्या दाबाने द्रव होणार नाही. आयसोब्युटेन या हायड्रोकार्बन प्रशीतकाचे सुमारे १३५ °से. असल्याने ऐन उकाड्यातही ते पाच-सहा वातावरण दाबाला द्रव होते.

कॉम्प्रेसर बाष्प दाबतो, तापलेले बाष्प मागच्या जाळीत उष्णता सोडून द्रव होते, आणि बारीक कॅपिलरी नळीतून पुढे जाताच दाब उतरून ते आतल्या नळ्यांत उकळू लागते. या चक्रात प्रशीतक खर्च होत नाही. ‘गॅस संपला’ असे आढळले तर कुठेतरी गळती आहे, आणि ती बुजवल्याशिवाय गॅस भरणे व्यर्थ.

विक्रोळीत कारखाने वसवणाऱ्या गोदरेज अँड बॉइस कंपनीने १९५८ मध्ये फ्रीज बनवायला सुरुवात केली. तेव्हा जगभर सीएफसी-१२ हे क्लोरीनयुक्त प्रशीतक रूढ होते: उत्कलनबिंदू सुमारे −३० °से., न जळणारे, विषारी नसलेले. त्याची हीच स्थिरता घातक ठरली. खालच्या हवेत न मोडता ते वर पोचते, तेथे अतिनील किरणांनी त्यातला क्लोरीन सुटतो व ओझोन नष्ट करतो, हे रसायनशास्त्रज्ञ मोलिना व रोलँड यांनी १९७४ मध्ये दाखवले. ओझोनच्या रक्षणासाठीच्या १९८७ च्या मॉन्ट्रियल करारात भारत १९९२ मध्ये सामील झाला. अनेक उत्पादक एचएफसी-१३४ए या प्रशीतकाकडे वळले. त्यात क्लोरीन नाही, पण शंभर वर्षांच्या हिशेबात त्याचा तापमानवाढीचा परिणाम तेवढ्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटींहून अधिक आहे. गोदरेजने या शतकाच्या आरंभी हायड्रोकार्बनची वाट धरली. ज्वलनशीलतेची धास्ती असताना घेतलेला तो निर्णय रसायनशास्त्राच्या दृष्टीने अधिक शहाणपणाचा होता.

आयसोब्युटेन −१२ °से. ला उकळते आणि ओझोनला अपाय करत नाही. शीतकप्प्याच्या −२० °से. तापमानाला त्याचा बाष्पदाब वातावरणाहून कमी असतो. त्यामुळे चालू यंत्राच्या त्या भागात छिद्र पडल्यास बाहेरची हवा आत ओढली जाते. घरगुती फ्रीजमध्ये ते काही डझन ग्रॅमच असते. स्वयंपाकाच्या सिलिंडरातल्या वायूच्या कुळातलेच ते असल्याने दुरुस्तीत मात्र दक्षता लागते: हवेच्या दुप्पट जड असल्यामुळे गळलेले बाष्प जमिनीलगत साचते, म्हणून नळी जोडण्यासाठी ज्योत पेटवण्यापूर्वी यंत्रणा पूर्ण रिकामी करून खोलीत वारा खेळू द्यावा लागतो.