वाइन मुरवायची कुणी?

बोर्दोच्या तांबड्या वाइनचे श्रेय बहुतेक जण मातीला देतात. फ्रान्सच्या मेदोक भागातली खडेगोट्यांची जमीन पाण्याचा निचरा करते, उष्णता धरून ठेवते आणि उशिरा पिकणारे काबेर्ने सोव्हिन्याँ द्राक्ष तिथे पोसते, हे खरेच. पण मातीने फक्त चांगले द्राक्ष दिले. मळ्याच्या नावाला विश्वासार्हता आली ती वाइन मुरवण्याची जबाबदारी मळेवाल्याने स्वतःवर घेतली तेव्हा. विसाव्या शतकाच्या आरंभीही बहुतेक मळे रस आंबवून नवी वाइन ओकच्या पिंपांत भरत आणि बोर्दोच्या व्यापाऱ्यांना विकून मोकळे होत. पुढचे मुरवणे आणि बाटल्या भरणे व्यापाऱ्यांच्या हाती असे, त्यामुळे भेसळीलाही वाव राही. बॅरन फिलिप द रोथशिल्ड यांनी १९२२ मध्ये मूतों मळ्याचा कारभार हाती घेतला आणि १९२४ ची सगळी वाइन मळ्यातच बाटलीबंद केली. पिंपांना जागा पुरेना, तेव्हा १९२६ मध्ये शंभर मीटर लांबीचे कोठार उभे राहिले.

यावर कुणी म्हणेल, की १८५५ च्या प्रतवारीत मळ्यांची नावे आधीच गाजत होती. पण ती प्रतवारी दलालांनी बाजारभावावरून लावली होती. बाटलीत काय उतरते याची हमी तिच्यात नव्हती. व्यापाऱ्यांनी भांडवल अडकवून जोखीम पत्करली, हेही नाकारता येत नाही. तरीही ज्याचे नाव बाटलीवर, त्यानेच तिच्याबद्दल उत्तर द्यावे, हा न्याय मूतोंने रुजवला. १८५५ च्या प्रतवारीत दुय्यम ठरलेल्या या मळ्याला १९७३ मध्ये पहिल्या श्रेणीचा मान मिळाला. त्या काळात माती बदलली नव्हती. बदलली होती ती जबाबदारी.